ऑटोइम्यून आजार असलेल्यांमधील पिट्यूटरी ग्रंथीचा दाह: ओळख, तपासण्या आणि उपचारांचा क्रम

१९६२ साली गाउडी आणि पिंकर्टन यांनी एका २२ वर्षांच्या स्त्रीच्या मृत्यूची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. दुसऱ्या बाळंतपणानंतर सुमारे १४ महिन्यांनी, अपेंडिक्सच्या दुखण्याचे निमित्त होऊन ती दगावली होती. शवविच्छेदनात तिच्या थायरॉइडमध्ये हाशिमोटोचा, म्हणजे ऑटोइम्यून प्रकारचा, दाह दिसला. त्याच जातीच्या लिंफोसाइट पेशींनी (या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) पिट्यूटरी ग्रंथीही व्यापलेली होती आणि मूत्रपिंडांवरच्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी आक्रसून गेल्या होत्या. पिट्यूटरीच्या लिंफोसाइटिक दाहाचे, म्हणजे हायपोफायसायटिसचे, वैद्यकीय साहित्यातील हे पहिले वर्णन मानले जाते. या आजाराच्या बहुतेक धोकादायक गोष्टी त्या एकाच रुग्णात एकत्र आलेल्या होत्या: आधीपासूनचा ऑटोइम्यून आजार (ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर हल्ला करते), नुकतेच झालेले बाळंतपण, कॉर्टिसॉलची (ताण सोसायला लागणाऱ्या, ॲड्रिनलमधून येणाऱ्या संप्रेरकाची) कोणाच्या लक्षात न आलेली कमतरता आणि शरीरावर अचानक आलेला ताण.

हा आजार दुर्मीळ आहे, आणि त्यामुळेच तो लवकर कोणाच्या मनात येत नाही. ज्याला हाशिमोटो, ग्रेव्हज (दोन्ही थायरॉइडचे आजार), टाइप १ मधुमेह, ल्युपस, शोग्रेन किंवा रुमेटॉइड संधिवात यांपैकी काही आधीपासून आहे, त्याच्या बाबतीत तर नवे प्रत्येक लक्षण जुन्या आजाराच्या खात्यावर मांडले जाते. या लेखाचा सगळा भर तेथेच आहे. जुन्या आजाराआड नवा आजार कसा लपतो, तो शोधताना तपासण्या कोणत्या क्रमाने कराव्यात आणि निदान झाल्यावर रुग्णाने स्वतः काय सांभाळावे, हे पुढे सांगितले आहे. औषधांचे आकडे डॉक्टरांशी नीट बोलता यावे म्हणून दिले आहेत, स्वतःहून मात्रा ठरवण्यासाठी नव्हेत.

ग्रंथी कोणती आणि बिघडते काय

मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातील एका खोलगट जागेत वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. तिच्या पुढच्या भागातून एसीटीएच (ॲड्रिनलसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), एलएच, एफएसएच (बीजांडकोश आणि वृषणांसाठी), वाढीचे संप्रेरक आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरके तयार होतात. मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन (शरीरातले पाणी राखणारे) आणि ऑक्सिटोसिन रक्तात सोडली जातात. ॲड्रिनल, थायरॉइड, बीजांडकोश आणि वृषणे या सगळ्यांना कामाचा हुकूम येथूनच जातो. दाहामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. ग्रंथी सुजली की जागा अपुरी पडते, डोके दुखते आणि वरून जाणाऱ्या दृष्टीच्या नसांवर दाब येतो. दुसरीकडे पेशी नष्ट होत गेल्याने एकेक संप्रेरक कमी होत जाते.

पिट्यूटरीतील गाठीमुळे, म्हणजे ॲडिनोमामुळे, बहुधा वाढीचे संप्रेरक आणि लैंगिक संप्रेरके आधी कमी होतात, तर एसीटीएच बराच काळ टिकून राहते. लिंफोसाइटिक दाहात मात्र एसीटीएच सुरुवातीलाच कोसळू शकते, आणि एसीटीएचशिवाय ॲड्रिनल ग्रंथी पुरेसे कॉर्टिसॉल बनवत नाही. जिवाला धोका त्यामुळेच असतो, सूज लहान असली तरीही.

पहिली पायरी: नवी लक्षणे जुन्या आजारापासून वेगळी काढणे

थकवा, अंगदुखी, भूक मंदावणे आणि वजन घटणे ही लक्षणे जवळपास प्रत्येक ऑटोइम्यून आजारात असतात. म्हणून केवळ लक्षण आहे की नाही हे पाहून उपयोग होत नाही. ते नेहमीपेक्षा कोणत्या अर्थाने निराळे आहे, हे पाहावे लागते. पुढे दिलेले बदल मला सर्वांत बोलके वाटतात, कारण ते जुन्या आजाराच्या स्वभावाशी जुळत नाहीत.

टाइप १ मधुमेह असलेल्या व्यक्तीची साखर आहार आणि हालचाल तशीच असताना वरचेवर खाली जाऊ लागली आणि इन्शुलिनची गरज कारणाशिवाय घटली, तर मधुमेह सुधारला असे समजून समाधान मानू नये. कॉर्टिसॉल साखर वर धरून ठेवते. ते कमी झाले की नेहमीचेच इन्शुलिन जास्त ठरते. ॲडिसनच्या आजारातही (ज्यात खुद्द ॲड्रिनल ग्रंथी निकामी होतात) हेच घडते, त्यामुळे दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात.

हाशिमोटोच्या रुग्णाची फसगत आणखी सहज होते. थायरॉक्सिनची गोळी वर्षानुवर्षे त्याच मात्रेत चालू असताना टीएसएच अचानक कमी आले, तर गोळी जास्त झाली असा निष्कर्ष काढून मात्रा घटवली जाते. पण टीएसएच बनवते पिट्यूटरी. ती स्वतःच आजारी असेल, तर टीएसएच कमी येणार, किंवा वरवर साधारण दिसणार, आणि त्याच वेळी फ्री टी४ (रक्तातील मोकळे थायरॉक्सिन) देखील कमी असू शकते. मात्रा घटवल्यावर रुग्ण आणखी खचतो. म्हणून केवळ टीएसएच पाहून थांबू नये, त्याच रक्तातून फ्री टी४ अवश्य मोजून घ्यावे.

शोग्रेनमध्ये तोंड कोरडे पडते म्हणून माणूस सतत घोट घोट पाणी पितो. व्हॅसोप्रेसिनच्या कमतरतेत लागणारी तहान मात्र न भागणारी असते, रात्री अनेकदा उठून भरपूर पाणी प्यावे लागते आणि लघवीही पाण्यासारखी पातळ व खूप होते. फरक ओळखण्याचा साधा उपाय म्हणजे २४ तासांची लघवी मापाच्या भांड्यात गोळा करणे. प्रौढ व्यक्तीत ती ३ लिटरहून अधिक भरली आणि रक्तातील साखर व कॅल्शियम ठीक असले, तर पुढची तपासणी हवी. या स्थितीचे जुने नाव डायबिटीस इन्सिपिडस होते. त्यातील डायबिटीस या शब्दामुळे तिची मधुमेहाशी गल्लत होऊन धोके घडत, म्हणून २०२२ साली तिला व्हॅसोप्रेसिनची कमतरता असे नाव देण्याचा निर्णय झाला.

याखेरीज नव्याने सुरू झालेली आणि हटत नसलेली डोकेदुखी, दोन्ही बाजूंचे कडेचे दिसेनासे होणे, एकाचे दोन दिसणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, मळमळ आणि रक्तातील सोडियम कमी येणे यांची नोंद तारखेसह ठेवावी. स्त्रियांमध्ये पाळी थांबणे, पुरुषांमध्ये कामेच्छा कमी होणे, आणि बाळंतपणानंतर दूधच न येणे ही लक्षणेही महत्त्वाची आहेत. गरोदरपणाचा शेवटचा महिना आणि प्रसूतीनंतरचे पहिले दोन महिने हा लिंफोसाइटिक दाह दिसण्याचा नमुनेदार काळ आहे. त्या दिवसांतली ग्लानी बाळाच्या जागरणांवर ढकलणे फार सोपे असते.

डोकेदुखी आणि दृष्टीतील बिघाड एकत्र आले, किंवा उलट्यांसोबत गुंगी, अतिशय अशक्तपणा आणि रक्तदाब घसरणे असे झाले, तर भेटीची वेळ ठरवत बसू नये. ही तातडीच्या विभागात जाण्याची परिस्थिती आहे.

दुसरी पायरी: सर्वांत आधी कॉर्टिसॉल

क्रम येथे का महत्त्वाचा आहे, ते आधी समजून घ्यावे. कॉर्टिसॉल आणि थायरॉक्सिन दोन्ही कमी असताना थायरॉक्सिन आधी सुरू केले किंवा वाढवले, तर शरीरात उरलेले थोडेसे कॉर्टिसॉल वेगाने वापरले जाते आणि रुग्ण ॲड्रिनल क्रायसिसमध्ये, म्हणजे कॉर्टिसॉलच्या तीव्र अभावाने येणाऱ्या जीवघेण्या अवस्थेत, जाऊ शकतो. म्हणून कॉर्टिसॉल आधी मोजावे, कमी असेल तर आधी ते भरून काढावे, आणि थायरॉक्सिनला त्यानंतर हात लावावा.

रक्त सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान द्यावे, कारण कॉर्टिसॉल सकाळी सर्वाधिक असते. पातळी ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आली, तर कमतरता जवळजवळ निश्चित असते. १५ च्या वर असली, तर ती बहुधा नसते. प्रयोगशाळेच्या पद्धतीनुसार या सीमा थोड्या सरकतात. मधल्या पट्ट्यात कृत्रिम एसीटीएचचे इंजेक्शन देऊन ३० आणि ६० मिनिटांनी पुन्हा कॉर्टिसॉल मोजतात. या चाचणीची एक उणीव ध्यानात ठेवावी. दाह नवा असेल, तर ॲड्रिनल ग्रंथी अजून आक्रसलेल्या नसतात, त्या इंजेक्शनला चांगला प्रतिसाद देतात आणि निकाल साधारण येतो. लक्षणे ठळक असतील, तर अशा निकालावर पूर्ण विसंबू नये आणि काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. रक्तासोबत एसीटीएचही मोजतात: ॲडिसनच्या आजारात ते खूप वाढलेले असते, पिट्यूटरीच्या दाहात कमी किंवा कॉर्टिसॉलच्या मानाने अपुरे. ॲडिसनमध्ये त्वचा काळवंडते आणि पोटॅशियम वाढते. पिट्यूटरीच्या आजारात सहसा दोन्ही होत नाही.

ऑटोइम्यून रुग्णांच्या बाबतीत सर्वांत मोठा गोंधळ होतो तो स्टेरॉइडचा. प्रेडनिसोलोन अनेक आठवडे घेतले की पिट्यूटरीचे एसीटीएच औषधानेच दाबले जाते, आणि रक्तात अगदी तेच चित्र दिसते: एसीटीएच कमी, कॉर्टिसॉल कमी. सांध्यात दिलेली इंजेक्शने, दम्याचे फवारे आणि जास्त शक्तीची मलमेही हे करू शकतात, आणि रुग्ण ती औषधांच्या यादीत सांगायला विसरतो. प्रेडनिसोलोन काही कॉर्टिसॉल तपासण्यांत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजले जाते, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी एकूण कॉर्टिसॉल खोटेच जास्त दिसते. केसांसाठी घेतले जाणारे बायोटिनही अनेक संप्रेरकांच्या तपासण्या बिघडवते. त्यामुळे गेल्या वर्षभरातील सगळी औषधे, इंजेक्शने, मलमे आणि पूरके कागदावर लिहून न्यावीत. तपासणीसाठी स्टेरॉइड स्वतःहून कधीही बंद करू नये. शेवटची मात्रा आणि रक्त देणे यांत किती अंतर ठेवायचे, हे डॉक्टरांनीच सांगावे. औषधाचा परिणाम बहुधा एसीटीएचपुरता असतो, म्हणून सोबत दुसरी संप्रेरकेही कमी असतील किंवा नवी डोकेदुखी असेल, तर दाहाची शंका बळावते.

तिसरी पायरी: बाकीची संप्रेरके

टीएसएच आणि फ्री टी४, एलएच आणि एफएसएच, स्त्रियांमध्ये इस्ट्राडिओल, पुरुषांमध्ये सकाळचे टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन आणि आयजीएफ-१ (वाढीच्या संप्रेरकाचा अंदाज देणारे) एकाच फेरीत तपासता येतात. सोबत सोडियम, पोटॅशियम, साखर आणि क्रिएटिनिन पाहतात. पाळी कायमची गेलेल्या स्त्रीमध्ये एफएसएच खूप वाढलेले असायला हवे. ते कमी असेल, तर तेवढी एक स्वस्त तपासणीसुद्धा पिट्यूटरीकडे बोट दाखवते.

व्हॅसोप्रेसिनची कमतरता कॉर्टिसॉलच्या कमतरतेआड दडून राहू शकते. कॉर्टिसॉल नसताना शरीर पाणी नीट बाहेर टाकू शकत नाही. हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची भरपाई करणारे औषध) सुरू केल्यावर काही दिवसांत लघवी एकदम वाढली, तर औषध बाधले असे समजू नये. आधीपासूनची कमतरता उघडी पडलेली असते आणि ती लगेच कळवायला हवी.

चौथी पायरी: एमआरआय आणि डोळ्यांची तपासणी

साध्या मेंदूच्या एमआरआयऐवजी पिट्यूटरीवर केंद्रित, कॉन्ट्रास्टसह एमआरआय मागावा. दाहात ग्रंथी दोन्ही बाजूंना सारखी फुगलेली दिसते, कॉन्ट्रास्ट सगळीकडे एकसारखा घेते, तिचा देठ जाड पण मधोमध असतो, आणि मागच्या भागाचा नेहमीचा तेजस्वी ठिपका नाहीसा झालेला असू शकतो. गाठ असेल, तर फुगवटा एका बाजूला झुकलेला आणि देठ सरकलेला दिसतो. ल्युपसमुळे मूत्रपिंड कमकुवत झाले असेल, तर कॉन्ट्रास्टचा निर्णय त्यानुसार घ्यावा लागतो. एमआरआय साधारण आला म्हणून दाह नाही असे ठरत नाही. सूज ओसरून गेलेली असू शकते, आणि जुन्या आजारात तर ती जागा रिकामी दिसू शकते. दृष्टिक्षेत्राची तपासणी नेत्रतज्ज्ञांकडे करून घ्यावी, कारण कडेची दृष्टी कमी झाल्याचे रुग्णाच्या स्वतःच्या ध्यानात उशिरा येते.

पाचवी पायरी: दाह कशाचा

लिंफोसाइटिक दाह सर्वाधिक आढळतो. त्याखेरीज ग्रॅन्युलोमॅटस, झँथोमॅटस आणि आयजीजी४ (एक प्रकारचे प्रतिपिंड) आजाराशी निगडित दाह असे प्रकार आहेत. सार्कॉइडोसिस, क्षयरोग, लँगरहान्स पेशींचा आजार, रक्तवाहिन्यांचा दाह आणि तरुण वयात जर्मिनोमा नावाची गाठही हुबेहूब असेच चित्र उभे करतात. म्हणून छातीची प्रतिमा, क्षयरोगाची तपासणी, आयजीजी४ आणि तरुणांमध्ये एएफपी व एचसीजी (अशा गाठींच्या रक्तातील खुणा) पाहिले जातात. ऑटोइम्यून आजार आहे म्हणजे हा दाहही त्याचाच, असे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्याला क्षयरोगाचा धोका उलट अधिक असतो, आणि तेथे स्टेरॉइड वाढवण्याची चूक महागात पडते. पिट्यूटरीविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी उपलब्ध असली, तरी ती इतर आजारांतही सकारात्मक येते, त्यामुळे निदान तिच्यावर उभे करता येत नाही. बायोप्सी खात्रीची असते, पण निदान अडले किंवा दृष्टी धोक्यात आली तरच ती करावी.

कर्करोगासाठी इपिलिमुमॅबसारखी प्रतिकारशक्ती मोकळी करणारी औषधे घेणाऱ्यांचा गट वेगळा आहे. त्यांच्यात दाह बहुधा उपचार सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत डोकेदुखी आणि थकव्याने सुरू होतो. निव्होलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब यांच्यामुळे तो पुष्कळदा उशिरा येतो आणि केवळ एसीटीएच जाते, एमआरआयमध्ये काहीच दिसत नाही. या गटात एसीटीएच सहसा परत येत नाही.

सहावी पायरी: उपचार

उपचारांचे दोन भाग आहेत आणि ते मनात वेगळे ठेवावेत: कमी झालेली संप्रेरके भरून काढणे आणि सूज कमी करणे. पहिला भाग बहुतेकांना लागतो, दुसरा काहींनाच.

कॉर्टिसॉलऐवजी हायड्रोकॉर्टिसोन देतात, प्रौढांमध्ये साधारण १५ ते २० मिलिग्रॅम दिवसाला, दोन-तीन भागांत. सर्वांत मोठी मात्रा सकाळी उठल्याबरोबर घ्यावी आणि शेवटची संध्याकाळी फार उशिरा घेऊ नये. ॲल्डोस्टेरॉन (शरीरातले मीठ सांभाळणारे ॲड्रिनलचे संप्रेरक) शाबूत असल्याने ॲडिसनच्या रुग्णाला लागणारे फ्लुड्रोकॉर्टिसोन येथे लागत नाही. त्यानंतर थायरॉक्सिन. त्याची मात्रा ठरवताना फ्री टी४ पाहावे, टीएसएच नव्हे. प्रयोगशाळेच्या अहवालात टीएसएच कमी म्हणून लाल खूण येत राहील, आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना त्याचे कारण सांगावे लागेल. व्हॅसोप्रेसिनसाठी डेस्मोप्रेसिन देतात. त्याची मात्रा जास्त झाली की सोडियम घसरते, म्हणून तहान नसताना पाणी पिण्याची जुनी सवय मोडावी आणि डोकेदुखी, मळमळ किंवा गोंधळलेपण आल्यास सोडियम तपासावे. लैंगिक संप्रेरके आणि वाढीचे संप्रेरक हा नंतरचा, सावकाश ठरवण्याचा विषय आहे.

सूज कमी करण्यासाठी मोठ्या मात्रेतील स्टेरॉइड दृष्टी धोक्यात असेल, दोन दोन दिसत असेल किंवा डोकेदुखी असह्य असेल तेव्हा दिले जातात. त्यांनी सूज उतरते, पण मात्रा कमी करताना ती परतही येते, आणि गेलेली संप्रेरके त्यामुळे हमखास परत येतात असे नाही. सौम्य सूज कित्येकदा आपोआप ओसरते, त्यामुळे संप्रेरके भरून काढून लक्ष ठेवणे हा योग्य मार्ग ठरतो. सूज पुन्हा पुन्हा येत असेल, तर ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट किंवा रिटुक्सिमॅबचा विचार होतो. दृष्टीवरचा दाब औषधाने हटला नाही, तर शस्त्रक्रिया करावी लागते.

या टप्प्यावर एक सापळा आहे आणि तो मला अतिशय गंभीर वाटतो. ल्युपस किंवा संधिवातासाठी रुग्ण प्रेडनिसोलोन घेत असेल, तर तीच गोळी न कळत कॉर्टिसॉलची जागाही भरत असते. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन साधारण २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनइतके असते. सांधे शांत झाले म्हणून संधिवाततज्ज्ञ ती गोळी शून्यावर आणतात, आणि पिट्यूटरीचे निदान त्यांच्या कागदांत नसेल, तर रुग्ण कॉर्टिसॉलविना उरतो. दोन्ही डॉक्टरांच्या फाइलवर स्पष्ट लिहून घ्यावे की ही गोळी संप्रेरकाची भरपाई म्हणूनही चालू आहे आणि ती बदलीचे औषध सुरू केल्याशिवाय थांबवू नये.

सातवी पायरी: आजारपणाच्या दिवसांचे नियम

निरोगी शरीर तापात कॉर्टिसॉल कितीतरी पटींनी वाढवते. या रुग्णाला ते गोळीनेच वाढवावे लागते. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला की नेहमीची मात्रा दुप्पट आणि ३९ च्या वर तिप्पट करावी, बरे वाटल्यावर एक-दोन दिवसांत पूर्ववत आणावी, असा सर्वसाधारण नियम आहे. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली, तर ती पुन्हा घ्यावी. पुन्हा उलटी झाली किंवा जुलाब थांबत नसतील, तर १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे स्नायूतील इंजेक्शन द्यावे आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे. इंजेक्शन घरात ठेवावे, ते देण्याचा सराव घरातील किमान दोघांनी परिचारिकेसमोर करावा आणि त्याची मुदत तपासत राहावी. शस्त्रक्रिया, दात काढणे, एंडोस्कोपी किंवा प्रसूती ठरली की स्टेरॉइडची मात्रा आधीच लिहून घ्यावी. पाकिटात आणि मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर आपण स्टेरॉइडवर अवलंबून आहोत ही माहिती ठेवावी, कारण बेशुद्ध माणूस ती सांगू शकत नाही.

रिफाम्पिसिन, फेनिटोइन आणि कार्बामॅझेपिन हायड्रोकॉर्टिसोनचा वेगाने निचरा करतात, त्यामुळे ती सुरू होताना मात्रा वाढवावी लागते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिनपासून ४ तास दूर ठेवाव्यात.

आठवी पायरी: पुढची देखरेख

पहिल्या वर्षात दर ३ ते ६ महिन्यांनी संप्रेरके, सोडियम आणि एमआरआय, दृष्टी बाधित असेल तर दृष्टिक्षेत्र त्याहून लवकर, आणि पुढे स्थिरता आल्यावर वर्षातून एकदा, असा आराखडा पुष्कळदा ठरतो. गरोदर राहण्याचा विचार असेल, तर तो आधीच सांगावा. शेवटच्या तिमाहीत हायड्रोकॉर्टिसोन वाढवावे लागते आणि प्रसूतीत मोठी मात्रा शिरेतून द्यावी लागते. थायरॉक्सिनची गरजही वाढते.

काहींमध्ये थायरॉइडचे आणि लैंगिक संप्रेरकांचे काम महिन्यांनंतर परत सुरू होते, एसीटीएचचे त्या मानाने कमी जणांत. ते परतले का हे पाहण्यासाठी डॉक्टर आदल्या दुपारनंतरची हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा वगळायला सांगून सकाळी, गोळी घेण्याआधी, रक्त घेतात. रक्त दिल्यावर त्याच ठिकाणी सकाळची गोळी घ्यावी, आणि निकाल पाहून डॉक्टर वेगळे सांगेपर्यंत तिची वेळ व मात्रा तशीच चालू ठेवावी.